मधल्या सुट्टीतील गोळी : शाळेतील कर्मचाऱ्यांना औषधे देण्याचे प्रशिक्षण

रुग्णालयातून घरी जाणाऱ्या मुलाच्या पालकांच्या हाती जो कागद दिला जातो, त्यावर प्रत्येक औषधापुढे बहुधा तीन खुणा असतात : सकाळ, दुपार आणि रात्र. सकाळची व रात्रीची मात्रा घरातील माणसांच्या डोळ्यांसमोर दिली जाते. दुपारच्या वेळी मूल शाळेत असते, आई कामावर असते आणि औषध दप्तराच्या कप्प्यात, डब्याशेजारी, रुमालात गुंडाळलेले असते. ते कोणी काढावयाचे, कोणी द्यावयाचे आणि दिले की नाही हे कोणी सांगावयाचे, याविषयी त्या कागदावर एक शब्दही नसतो.

दमा, अपस्मार, बालमधुमेह, सिकलसेल यांसारख्या दीर्घकालीन आजारांची कितीतरी मुले पूर्वी शाळा सोडून घरी बसत. नियमित उपचारांमुळे आज ती इतरांसारखी शाळेत जातात. ही मोठी मिळकत आहे; परंतु तिच्याबरोबर एक जबाबदारी नकळत शिक्षकांच्या खांद्यावर येऊन पडली आहे. आपल्याकडील बहुसंख्य शाळांत परिचारिका नसते. सन २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांमध्ये जाऊन मुलांची तपासणी करतात, हे खरे. तथापि ती पथके वर्षातून एकदा येतात, आणि मुलाची धाप किंवा आकडी तारीख ठरवून येत नाही. त्या क्षणी जवळ असतात त्या वर्गातील बाई, शेजारच्या वर्गातील गुरुजी आणि घंटा देणारे शिपाईकाका. म्हणून बालरोग विभागाच्या वतीने परिसरातील शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी जे प्रशिक्षण घेतले जाते, त्यात काय शिकविले जाते व का, याची माहिती देणगीदार, विश्वस्त आणि विशेषतः पालक यांना असावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

या प्रशिक्षणाची पहिली पायरी शाळेत नसून रुग्णालयात आहे. शाळेत द्यावी लागणारी मात्रा टाळता येते का, हे आधी पाहावे. अनेक प्रतिजैविके दिवसातून दोनदा देण्याजोगी असतात. अपस्माराची बरीच औषधे सकाळ-रात्र अशी बसविता येतात. दम्याचे रोजचे प्रतिबंधक इनहेलर तर शाळेत नेण्याची गरजच नसते. पालकांनी डॉक्टरांना एवढेच विचारावे, "दुपारची वेळ शाळेची आहे, काही बदल होईल का?" हा प्रश्न विचारण्याचा संकोच अजूनही फार आहे. डॉक्टरांनी लिहिले ते ब्रह्मवाक्य मानून पालक गोळी दप्तरात टाकतात, आणि सात वर्षांच्या मुलाने ती वेळेवर आठवणीने घ्यावी अशी अपेक्षा करतात. दहापैकी पाच वेळा तो विसरतो असे मी म्हणणार नाही, कारण कोणी मोजलेले नाही. पण परत आलेल्या पाकिटांत उरलेल्या गोळ्या बरेच काही सांगून जातात.

शिक्षकांची भीती

प्रशिक्षणाला आलेले शिक्षक सुरुवातीला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात : "आमच्या हातून काही झाले तर?" या प्रश्नाला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. जनगणना, निवडणूक, सर्वेक्षणे, पोषण आहाराचा हिशेब अशा अशैक्षणिक कामांबद्दलची त्यांची तक्रार जुनी आहे आणि बऱ्याच अंशी रास्तही आहे. त्यात आता औषधांची भर, असे त्यांना वाटल्यास नवल नाही. शिवाय जो माणूस औषध देण्यास घाबरतो तो निदान डबी दोनदा वाचतो. बेफिकीर हातापेक्षा घाबरलेला हात आम्हाला अधिक सुरक्षित वाटतो. भीती घालविणे हा प्रशिक्षणाचा उद्देश नाही. त्या भीतीला काही ठराविक कृतींची शिस्त लावावी, इतकाच आहे.

यासाठी शिक्षकांना सर्वप्रथम त्यांच्या कामाची मर्यादा सांगितली जाते. शिक्षकाने निदान करावयाचे नाही. मात्रा ठरवावयाची नाही. वजन करून हिशेब मांडावयाचा नाही. स्वतःच्या पर्समधील डोकेदुखीची गोळी मायेने का होईना, मुलाला द्यावयाची नाही. पालकांनी लेखी दिलेले, डॉक्टरांनी लिहिलेले, मूळ वेष्टनात आलेले औषध, लिहिलेल्या वेळी, लिहिलेल्या मात्रेत द्यावे आणि तशी नोंद करावी, एवढेच त्याचे काम. यांपैकी एकही गोष्ट कमी असेल तर औषध न देता पालकांना दूरध्वनी करावा. "नाही" म्हणण्याचा हा अधिकार मिळाला की अनेक शिक्षकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, असा आमचा अनुभव आहे.

कागद, नाव आणि चमचा

परिचारिकांच्या शिक्षणात योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ आणि योग्य मार्ग ही पाच सूत्रे पाठ करून घेतली जातात. शाळेसाठीही तीच सूत्रे आहेत. मात्र शाळेतील धोके निराळे आहेत.

योग्य मूल ओळखणे सोपे वाटते. परंतु एका वर्गात एकाच नावाची दोन मुले, एकाच आडनावाची सहा मुले आणि क्वचित जुळी भावंडे असतात. त्यात मुलांची एक सवय आहे : बाईंनी "तू आदित्य ना?" असे विचारले की मूल मान हलविते. त्याचे नाव अद्वैत असले तरी हलविते. म्हणून मुलाला नाव सांगू नये, त्याच्याकडून पूर्ण नाव वदवून घ्यावे आणि ते वेष्टनावरील नावाशी ताडून पाहावे. बदली शिक्षक वर्गावर असतील त्या दिवशी तर हे अधिकच आवश्यक. औषधाच्या अर्जावर मुलाचे छायाचित्र चिकटविण्याची पद्धत काही शाळांनी स्वीकारली आहे; खर्च नगण्य आणि उपयोग मोठा.

मात्रेच्या बाबतीत सर्वांत मोठा घोटाळा पातळ औषधांचा होतो. तापासाठी दिले जाणारे पॅरासिटामॉल घ्या. बाजारात त्याचे सिरप पाच मिलिलीटरमध्ये १२५ मिलिग्रॅम या शक्तीचे मिळते, तसेच २५० मिलिग्रॅमचेही मिळते. तान्ह्या बाळांसाठीचे थेंब असतात, त्यांत एका मिलिलीटरमध्येच १०० मिलिग्रॅम औषध असते. घरातील धाकट्या भावंडाची थेंबांची बाटली चुकून शाळेत आली आणि बाईंनी त्यातून सिरपप्रमाणे पाच मिलिलीटर दिले, तर १२५ ऐवजी ५०० मिलिग्रॅम पोटात जाते. म्हणजे चौपट. बाटलीवरील औषधाचे नाव अगदी बरोबर असते, चूक असते ती त्याखालच्या बारीक आकड्यात. त्यामुळे प्रशिक्षणात आम्ही या तीन बाटल्या टेबलावर मांडतो आणि शिक्षकांना त्यांतील फरक स्वतः शोधावयास सांगतो. ज्यांना चष्मा आहे ते प्रथम चष्मा शोधतात. हेही शिकण्यासारखेच आहे.

चमच्याचीही तीच कथा. औषधाचा 'एक चमचा' म्हणजे पाच मिलिलीटर. स्वयंपाकघरातील चमचे याहून लहान-मोठे असतात, आणि शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीतील चमचा तर आमटीचाच असावयाचा. बाटलीबरोबरचे मापाचे झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज याखेरीज अन्य कशानेही औषध मोजू नये, असा आमचा आग्रह असतो.

आणखी एक गोष्ट वेळेची. पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर हवे. सकाळी आठ वाजता आईने ताप उतरविण्यासाठी औषध देऊन मुलाला शाळेत पाठविले, आणि साडेदहाला अंग पुन्हा गरम लागले म्हणून शाळेने औषध दिले, तर दोन्ही बाजूंचा हेतू चांगला असूनही मात्रा दुप्पट होते. 'आज घरून काय घेऊन आलास?' हा प्रश्न म्हणून अर्जावरच छापलेला असावा. ताप असलेल्या मुलाला शाळेतच पाठवू नये हे उत्तर खरे आहे. परंतु ज्या घरात दोघांची रोजंदारी बुडते त्या घरात ते उत्तर देणे सोपे नसते, हे आम्ही जाणतो.

सर्दी-खोकल्याची औषधे शाळेने साठवू नयेत, हे आम्ही पूर्वीपासून सांगत आलो. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात भेसळयुक्त खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली. त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. त्या घटनेनंतर हा मुद्दा पटवून देण्यास फार बोलावे लागत नाही.

सर्वांसाठी एकच गोळी

एका मुलाच्या औषधापेक्षा निराळा प्रसंग म्हणजे सर्व वर्गाला एकाच वेळी दिली जाणारी गोळी. सन २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. त्या दिवशी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी दोन वर्षांवरील मुलांना व किशोरांना एक, आणि एक ते दोन वर्षांच्या बालकांना अर्धी दिली जाते. याखेरीज रक्तक्षय टाळण्यासाठी लोह व फॉलिक ॲसिडच्या साप्ताहिक गोळ्या शाळांतून दिल्या जातात : लहान मुलांसाठी गुलाबी, ४५ मिलिग्रॅम लोहाची, आणि किशोरवयीनांसाठी निळी, जी २०१८ च्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमापासून ६० मिलिग्रॅम लोहाची असते. या औषधांचा लाभ निर्विवाद आहे. ती देणारे हात मात्र शिक्षकांचेच आहेत.

जंताची गोळी चावून, शिक्षकांसमोर खावयाची असते. घरी न्यावयाची नसते. लहान मुलांना ती कुस्करून पाण्यातून द्यावी, कारण अख्खी गोळी घशात अडकण्याचा धोका असतो. आजारी असलेल्या मुलाला त्या दिवशी देऊ नये, नंतरच्या फेरीत द्यावी. ज्या मुलाला आकडीचा त्रास आहे, त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये असे आम्ही आवर्जून सांगतो; मेंदूत जंताच्या गाठी असल्यास औषधाने त्यांभोवती सूज येऊ शकते. लोहाची गोळी रिकाम्या पोटी न देता आहारानंतर द्यावी, शौचास काळी होईल हे मुलांना आधी सांगून ठेवावे, आणि थॅलेसेमियाच्या किंवा वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या मुलाला ती मुळीच देऊ नये. वर्गात असे मूल आहे हे शिक्षकाला कळविले गेले असेल तरच हा शेवटचा नियम पाळता येतो, हे पालकांनी ध्यानी घ्यावे.

लोहाच्या गोळीकडे आपण शक्तीची गोळी म्हणून पाहतो, त्यामुळे तिचा धाक राहत नाही. मार्च २०२३ मध्ये तामिळनाडूतील उदगमंडलम येथील एका शाळेत काही मुलांनी आपसांत पैज लावून लोहाच्या गोळ्या मोठ्या संख्येने खाल्ल्या आणि त्यांतील तेरा वर्षांची एक मुलगी दगावली. लोहाची विषबाधा फसवी असते. प्रथम उलट्या व पोटदुखी होते, नंतर काही तास मूल बरे वाटते, आणि त्याच वेळी आत यकृताची हानी सुरू असू शकते. 'आता बरे वाटते आहे' म्हणून अशा मुलाला घरी पाठविणे घातक ठरते. पाकीट मुलांच्या हाती न देणे, गोळी मोजून देणे, उरलेल्या गोळ्या मोजून कुलपात ठेवणे या किरकोळ वाटणाऱ्या कृतींचे कारण येथे आहे.

दुसरा प्रसंग मुंबईचा. ऑगस्ट २०१८ मध्ये गोवंडीतील महापालिकेच्या शाळेत शिकणाऱ्या बारा वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. काही दिवसांपूर्वी शाळेत गोळ्या दिल्या गेल्या होत्या. गोळ्यांमुळेच मृत्यू झाला अशी बातमी वस्तीत पसरली आणि शेकडो मुलांना पालकांनी धावतपळत रुग्णालयांत नेले. त्या मुलीला क्षयरोग असल्याचे व तिच्या मृत्यूचा गोळ्यांशी संबंध नसल्याचे पालिकेने शवविच्छेदनानंतर सांगितले. त्या पालकांना नावे ठेवण्यात अर्थ नाही; आपले मूल असते तर आपणही धावलो असतो. प्रश्न असा आहे की त्या दिवशी शाळेच्या हाती काय असते तर भीती आटोक्यात आली असती? कोणत्या मुलाला, कोणत्या तारखेस, कोणत्या घाऊक क्रमांकाची गोळी दिली, त्या दिवशी कोण आजारी होते, कोणाला दिली नाही, याची स्वच्छ नोंदवही. आणि गोळी देण्याच्या आदल्या आठवड्यात पालकांशी झालेले बोलणे. मळमळ किंवा पोटात थोडे दुखणे, विशेषतः जंत अधिक असलेल्या मुलांत, होऊ शकते हे आधी सांगितले गेले असेल तर ते झाल्यावर घाबरगुंडी उडत नाही.

धाप, आकडी आणि साखर

प्रशिक्षणातील सर्वांत जास्त वेळ तातडीच्या औषधांना दिला जातो. येथे पालकांना दूरध्वनी करून उत्तराची वाट पाहण्याइतकी सवड नसते. म्हणून लेखी सूचना आधीच शाळेत असावी लागते.

दम्याच्या मुलाला धाप लागली असता साल्ब्युटामॉलचे इनहेलर स्पेसरमधून द्यावयाचे असते. इनहेलर हलवावे, स्पेसरला जोडावे, एक फवारा सोडावा, मुलाला पाच-सहा वेळा शांतपणे श्वास घेऊ द्यावा, थोडे थांबून मगच पुढचा फवारा. घाईने दोन-तीन फवारे एकदम सोडले तर औषध नळीच्या भिंतींना चिकटते आणि मुलाच्या छातीत फारसे पोहोचत नाही. किती फवारे द्यावयाचे ते मुलाच्या कागदावर असते. वाक्य पुरे बोलता न येणे, बरगड्यांमधील जागा आत ओढली जाणे, ओठ निळसर दिसणे, यांपैकी काही दिसताच १०८ ला दूरध्वनी करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत कागदाप्रमाणे औषध चालू ठेवावे. इनहेलरच्या रंगावर भिस्त ठेवू नये. निळे म्हणजे आरामाचे आणि तपकिरी म्हणजे रोजचे, असे ढोबळपणे सांगितले जाते, पण सर्व कंपन्या हा संकेत पाळत नाहीत. नाव वाचावे. आणि इनहेलरची 'सवय लागते' हा समज शिक्षकांच्या मनातून प्रथम काढावा लागतो, कारण त्या समजापोटी औषध हातात असूनही दिले जात नाही.

आकडीच्या बाबतीत औषधापेक्षा आधी काही गोष्टी सोडून द्यावयास शिकवावे लागते. कांदा हुंगविणे, चप्पल नाकाशी धरणे, दातांत चमचा घालणे, हातपाय दाबून धरणे, तोंडात पाणी ओतणे यांपैकी काहीही करू नये. मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूचे बाक दूर करावेत, इतर मुलांना बाहेर न्यावे, आणि घड्याळ पाहावे. घड्याळ पाहणे ही यातली सर्वांत महत्त्वाची कृती आहे. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखे वाटते. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांनंतरही चालू असेल तर, आणि डॉक्टरांनी लिहून दिले असेल तरच, मिडॅझोलामचा नाकातील फवारा दोन्ही नाकपुड्यांत विभागून द्यावा व १०८ ला बोलवावे. या औषधाच्या एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅम असलेली बाटली मिळते, तशी १.२५ मिलिग्रॅम असलेलीही मिळते. म्हणून 'इतके फवारे' एवढेच लिहिलेला कागद आम्ही परत पाठवितो. बाटलीची शक्ती आणि फवाऱ्यांची संख्या दोन्ही लिहिलेली हवी. औषध दिल्यावर मूल गाढ झोपते. त्याच्या श्वासावर लक्ष ठेवून कोणीतरी जवळ बसून राहावे.

अपस्माराविषयी पालकांशी थोडे मोकळेपणाने बोलणे भाग आहे. मुलीला आकडी येते हे शाळेला कळले तर गावाला कळेल, आणि पुढे तिच्या लग्नात अडचण येईल, या भीतीने अनेक घरे गप्प राहतात. ती भीती आकाशातून पडलेली नाही; समाजाने ती दिलेली आहे. परंतु या मौनाचा परिणाम असा होतो की ज्या दिवशी मुलगी प्रार्थनेच्या रांगेत कोसळते, त्या दिवशी तिच्याभोवती उभ्या असलेल्या माणसांपैकी एकालाही काय करावे हे ठाऊक नसते. शाळेशी बोलताना माहिती मुख्याध्यापक, वर्गशिक्षक व प्रशिक्षित दोन व्यक्ती यांच्यापुरतीच राहील असे लेखी आश्वासन मागण्याचा पालकांना अधिकार आहे, आणि प्रशिक्षणात गोपनीयतेचा पाठ याचसाठी ठेवलेला आहे. वर्गासमोर "तुझी फिटची गोळी घेतलीस का?" असे विचारणाऱ्या शिक्षकाने गोळी वेळेवर दिली तरी मुलीचे नुकसान केलेलेच असते.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या मुलाला इन्सुलिन टोचण्याचे काम आम्ही शिक्षकांना शिकवीत नाही. आपल्याकडे एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही शक्तींचे इन्सुलिन प्रचलित आहे, आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. १०० शक्तीचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरले तर दहाऐवजी पंचवीस युनिट शरीरात जाते. हे काम पालकांचे, किंवा शिकविलेल्या मोठ्या मुलाचे स्वतःचे. शिक्षकाने त्याला आडोशाची स्वच्छ जागा द्यावी, जवळ उभे राहावे आणि नोंद करावी.

शिक्षकांनी पक्के शिकावे ते साखर कमी झाल्याचे ओळखणे. घाम, हातांचा कंप, एकाएकी चिडचिड, गणिताच्या तासाला शून्यात पाहणे. ७० मिलिग्रॅमच्या खाली साखर असल्यास, किंवा तपासण्याची सोय नसताना शंका जरी आली, तरी तीन लहान चमचे साखर अथवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, मग पोळी-भाजीसारखे काही खाऊ घालावे. बिस्कीट किंवा चॉकलेट आधी देऊ नये, त्यांतील स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. बेशुद्ध मुलाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. अशा मुलाला एकट्याने 'जा, ऑफिसात जाऊन साखर खाऊन ये' असे कधीही पाठवू नये. जिन्यात पडण्याची तीच वेळ असते. परीक्षेच्या वेळी मधुमेही विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळे, पाणी जवळ ठेवण्याची मुभा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये दिली. शाळेच्या सहामाही-घटक चाचण्यांतही तेवढे औदार्य दाखविण्यास कोणाची हरकत नसावी.

कपाटाची किल्ली

औषधे कुलपात ठेवावीत हा नियम योग्य आहे, पण तो सर्व औषधांना लागू केला की अनर्थ होतो. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात, आणि मुख्याध्यापक केंद्राच्या बैठकीला तालुक्याच्या गावी, हा प्रसंग कोणत्याही शिक्षकाला नवा नाही. इनहेलर, मिडॅझोलामचा फवारा आणि ग्लुकोज ही कुलपाबाहेर, मुलांच्या हाताला न लागेल अशा उंचीवर, सर्व कर्मचाऱ्यांना ठाऊक असलेल्या एकाच जागी असावीत. सहलीच्या व क्रीडास्पर्धेच्या दिवशी ती मुलाबरोबर जावीत. इतर सर्व औषधे कुलपात. शीतकपाट नसलेल्या शाळेत वापरातील इन्सुलिन ओल्या मातीच्या मडक्यात थंड ठेवता येते. बर्फाला मात्र लागू देऊ नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

आश्रमशाळांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. तेथे अधीक्षक आणि अधीक्षिका हेच रात्रीचे पालक असतात, आणि एकेका व्यक्तीकडे वसतिगृहातील सर्व मुलांची औषधे असतात. सिकलसेलच्या मुलांना हायड्रॉक्सीयुरिया रोज घ्यावे लागते. वेदना नाहीत म्हणून आठवडाभर थांबविलेल्या औषधाचा परिणाम नंतर दिसतो, त्यामुळे चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले आणि तपासण्या वाढल्या. म्हणजे आजार माहीत असलेली मुले वाढली, आणि संध्याकाळी औषधांचा डबा उघडणाऱ्या त्या एका व्यक्तीचे कामही. दिवाळीच्या सुट्टीत मूल घरी जाताना औषध किती दिवसांचे दिले, आणि परत येताना किती उरले, ही नोंद आम्ही त्यांना विशेषत्वाने शिकवितो.

चूक झाल्यास काय करावे, हाही प्रशिक्षणाचा एक तास आहे. मात्रा चुकली, दुसऱ्याच मुलाला दिली गेली, द्यावयाची राहून गेली : तत्काळ पालकांना व डॉक्टरांना सांगावे, मुलाला नजरेसमोर ठेवावे, वहीत वेळेसह लिहावे. राहून गेलेली मात्रा पुढच्या वेळी दुप्पट करून देऊ नये. शाळा व्यवस्थापनास आमची विनंती असते की अशी नोंद स्वतःहून करणाऱ्या कर्मचाऱ्यास नोटीस देऊ नये. एकाला नोटीस मिळाली की पुढल्या चुका वहीत येणे बंद होते, आणि त्या कळतात त्या थेट आमच्या अपघात विभागात.

प्रत्येक शाळेतून किमान दोन व्यक्ती प्रशिक्षणास याव्यात, आणि त्यांतील एक शक्यतो लिपिक, शिपाई किंवा मदतनीस असावी, असे आम्ही सुचवितो. शिक्षकांच्या बदल्या होतात. एका वर्षी तयार झालेल्या बाई पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात असतात. शिपाईकाका तेथेच असतात. पहिल्या सत्रात शिकलेले हात सहा महिन्यांत विसरतात, म्हणून रिकामे इनहेलर व स्पेसर घेऊन आमच्या परिचारिका दिवाळीनंतर पुन्हा उजळणी घेतात. देणगीदारांच्या साहाय्यातून शाळांना जी पेटी दिली जाते तिच्यात स्पेसर, मापाची झाकणे, ग्लुकोज, एक साधे मोठ्या आकड्यांचे घड्याळ आणि नोंदवही असते. औषध एकही नसते. ते मुलाच्या घरूनच, त्याच्या नावानिशी यावयाचे.

पालकांसाठी शेवटची सूचना जून महिन्याची. मुलाचे वजन वर्षभरात वाढते आणि वजनानुसार ठरणाऱ्या औषधांची मात्राही बदलते. गेल्या वर्षीचा कागद शाळेच्या फाईलीत तसाच राहिला तर शिक्षक प्रामाणिकपणे जुनीच मात्रा देत राहतात. शाळा सुरू होण्याच्या पहिल्या आठवड्यात बाह्यरुग्ण विभागात येऊन मुलाचे वजन करून घ्यावे, नवा कागद घ्यावा, त्यावर दोन दूरध्वनी क्रमांक लिहावेत, औषधाची मुदत पाहावी; आणि नवा कागद शाळेत देताना जुना परत मागून घ्यावा.